आंब्यावरून नारळावर: चाळीस मीटर बँडची तार पावसाळ्यात टिकवायची तर

हॅम रेडिओच्या (हौशी रेडिओच्या) अँटेनासाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येतं २०.१४. चाळीस मीटर बँडच्या तारेचं रेडिओचं गणित जवळजवळ इथेच संपतं. पुढचं सगळं काम दोरी, कप्पी, फांदी आणि वारा यांचं आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत झाडावर टांगलेला अँटेना जूनच्या पहिल्या वादळात खाली येतो, तेव्हा एसडब्ल्यूआरचा (अँटेना संचाशी किती जुळला ते सांगणाऱ्या आकड्याचा) त्यात क्वचितच दोष असतो. दोरी सालीवर घासून तुटलेली असते, नाहीतर दोन्ही टोकं करकचून बांधलेली असतात आणि झाडं डोलायला लागल्यावर तारेला सैल व्हायला जागाच नसते. म्हणून इथे रेडिओ कमी आणि दोरी जास्त.

हॅमचा परवाना हातात आहे, झाडं आपल्या आवारातली आहेत आणि सोसायटी असेल तर तिची लेखी परवानगी आहे, असं धरून चालतो. फुटपाथवरचं झाड महापालिकेचं. त्याच्या वाटेला जायचं नाही.

जागा आधी, अँटेना नंतर

भारतात चाळीस मीटरचा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ. तरंगलांबी साधारण ४२ मीटर, तिचा चतुर्थांश साडेदहा मीटर. नौपाड्यातल्या किंवा पाचपाखाडीतल्या एखाद्या जुन्या घरामागच्या आंब्याला नऊ-दहा मीटरवर मजबूत बेचका सापडतो, आणि तेवढी उंची पुरते. या उंचीवरची तार बराचसा सिग्नल उभा आभाळात फेकते. तो परावर्तित होऊन चारशे-पाचशे किलोमीटरच्या घेरात खाली येतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सुरत, गोवा सगळे त्यात आले. रोजच्या नेटसाठी, म्हणजे हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या हवेवरच्या भेटीसाठी, हेच हवं असतं. चाळीस मीटरवर लांबचं पकडायचं तर तार एकवीस मीटरवर न्यावी लागेल. तितकं उंच झाड असलं तरी तिथपर्यंत दोरी नेण्याचा खटाटोप फळाला येत नाही. लांबच्या गप्पांसाठी वीस मीटरचा बँड आहे. तिथे तीच दहा मीटर उंची अर्धी तरंगलांबी ठरते.

आता अंतर मोजा. पावलांनी नको, टेपने.

दोन झाडांमध्ये, किंवा गच्ची आणि झाड यांच्यात, २३ मीटर मिळत असतील तर एंड-फेड हाफ-वेव्ह लावा. वीस मीटर तार, दोन्ही टोकांना दोरी, आणि कोॲक्स (संचापासून अँटेनापर्यंतची केबल) एका टोकाला, घराजवळ. वाशी-कोपरखैरण्याच्या रो-हाउसमागे इतकी जागा सहसा मिळत नाही. तिथे एकच उंच झाड असेल तर इन्व्हर्टेड व्ही बसतो: मध्य उंच टांगलेला, तारेचे दोन्ही पाय तिरपे खाली. शेंडा नऊ मीटरवर, टोकं तीन मीटरवर ठेवली, तर ९.९ मीटरचा प्रत्येक पाय जमिनीवर ७.९ मीटर अंतर घेतो. म्हणजे एकूण पावणेसोळा मीटर, आणि शेंड्याचा कोन साधारण १०५ अंश. कोन ९० च्या खाली गेला तर दोन्ही पाय एकमेकांचं काम खोडायला लागतात. टोकं तीन मीटरच्या खाली आणायची नाहीत. पाठवताना टोकाला सगळ्यात जास्त व्होल्टेज असतं, आणि तिथे कुणाचा हात पोचता कामा नये.

झाडांच्या मधोमध कोॲक्स लोंबकळणारा सरळ डायपोल (दोन सारख्या पायांची आडवी तार) मला या भागासाठी सगळ्यात गैरसोयीचा वाटतो. कारण पुढे वजनाच्या हिशोबात येईल.

आणि वर बघा. वीजवाहिनीचा नियम एकच: तार तुटून, उडून, कुठल्याही बाजूला पडली तरी वाहिनीपर्यंत पोचता कामा नये. नवी मुंबईच्या सेक्टरांमध्ये बऱ्याच ठिकाणी केबल जमिनीखालून आहेत. गावठाणांत आणि जुन्या ठाण्यात मात्र खांबावरून घरात येणाऱ्या तारा झाडातूनच गेलेल्या दिसतात. त्यांच्या जोडीला इंटरनेटच्या आणि टीव्हीच्या केबलींचं जाळं असतं. ज्या झाडातून विजेची एक तरी तार जाते, ते झाड यादीतून काढून टाका. दुसरं झाड नसेल तर झाडावरचा अँटेनाच नको. गच्चीवर फायबरग्लासचा दांडा उभा करा.

कुठलं झाड

आंबा उत्तम. फांद्या चिवट, बेचके रुंद, आणि वाऱ्यात खोड फारसं हलत नाही. अडचण दोनच: लाल मुंग्यांची पानं शिवून केलेली घरटी, आणि एप्रिल-मेमध्ये झाडाभोवती वाढणारी वर्दळ. कैऱ्या उतरवणाऱ्याला दोरी दिसली नाही तर आकडीत अडकते. फणस, कडुनिंब, करंज, देशी बदाम हेही चालतात. जांभळाची फांदी दिसायला दणकट, पण अवचित मोडते. दोरी खोडाजवळच ठेवायची असेल तरच जांभूळ घ्यावं.

गुलमोहर आणि पिवळा गुलमोहर दोन्ही शहरांत भरपूर आहेत, आणि पावसाळ्यात मोडून पडण्यात तेच पुढे असतात. नाइलाज असेल तर खोडापासून निघणारी पहिली जाड फांदी निवडा, तीही फुटीपासून हातभर अंतरात. पर्जन्यवृक्षाची छत्री मोहात पाडते, पण तिच्या लांब आडव्या फांद्या ओल्या पानांच्या वजनाने सुटतात. पिठ्या ढेकणाने ग्रासलेल्या झाडाला तर हातच लावू नये. शेवगा अजिबात नको. कुंपणालगतचा उंच हिरवा अशोक उंचीने भुलवतो. त्याला बेचका म्हणावा असा भाग नसतो, आणि शेंडा वाऱ्यात मीटरभर डोलतो.

नारळ हे वेगळंच प्रकरण. फांदी नाही, म्हणून दोरी फेकून उपयोग नाही. नारळ काढणाऱ्याला वर जाताना पन्नास मिलिमीटर रुंदीचा पट्टा आणि कप्पी द्यायची, आणि झावळ्यांच्या दीड-दोन मीटर खाली खोडाला ती बांधून घ्यायची. अगदी शेंड्याजवळ बांधली तर सुकलेली झावळी पडताना तार घेऊन येते. नारळाचं खोड उंचीवर खूप वाकतं. वजनाला वर-खाली होण्यासाठी आंब्याला मीटरभर जागा पुरते, नारळाला दोन मीटर ठेवा.

झाड निवडल्यावर दुर्बिणीने एकदा पूर्ण बघून घ्या. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाकडे गलोल रोखायचीसुद्धा नाही. कावळ्याचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं. आणि वेळेचं एक पथ्य: पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते. दोरी त्यानंतर चढवा. आधी चढवली तर छाटणाऱ्यांच्या कोयत्याखाली ती जाणार, आणि त्यांचा काही दोष नसणार. स्वतः फांद्या तोडायला जाऊ नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी. खिळा, हूक, स्क्रू यांपैकी काहीही झाडात ठोकायचं नाही. सालीच्या जखमेतून बुरशी शिरते, आणि ज्या फांदीवर आपला भरवसा तीच आतून कुजते.

दोरी वर नेणं

झाडावर चढायचं नाही. जमिनीवरून तीन टप्प्यांत काम होतं: आधी तंगूस (मासेमारीचा एकेरी नायलॉन दोरा), मग दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी, मग चार-पाच मिलिमीटरची पॉलिएस्टर.

तंगूस ०.४ ते ०.५ मिलिमीटरचं. ते आणि शिशाची वजनं मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. नवी मुंबईत दिवाळे गावात किंवा वाशीगावात कोळीवाडे आहेतच, तिथे चौकशी करा. सहा-सात मीटरपर्यंतचा बेचका हाताने फेकून गाठता येतो. त्यासाठी ३०० ग्रॅमची रेतीची पिशवी आणि थेट दोन मिलिमीटरची दोरी पुरते, तंगुसाचा टप्पा लागत नाही. त्याहून वर गलोल घ्या. गलोलीला साठ-सत्तर ग्रॅमचं शिसं चालतं, त्यावर भडक रंगाचं कापड गुंडाळायचं म्हणजे पानांत दिसतं. तंगूस बादलीत सैल वेटोळी करून ठेवा, किंवा मासे पकडायच्या गळाची रीळ वापरा. जमिनीवर पसरलं तर प्रत्येक काडी ते धरते, आणि शिसं निम्म्या वाटेत थबकून उलट फिरतं. डोळ्यांना गॉगल सक्तीचा. झाडापलीकडे रस्ता, खिडकी किंवा माणूस असेल तर दिशा बदला.

इथे हटकून होणारा घोळ असा. शिसं बेचक्यावरून पलीकडे जातं, पण खाली येत नाही. आंब्याची साल खरबरीत, तिच्यावर तंगूस घासतं आणि हलकं वजन त्याला ओढू शकत नाही. तंगुसाला हलके झटके देत ढिलं सोडत राहा. लहरी वरपर्यंत पोचतात आणि वजन बोट-बोट खाली सरकतं. तरीही अडलं तर जड वजनाने पुन्हा फेका. अडकलेलं शिसं जोरात ओढायचं नाही. तंगूस रबरासारखं ताणतं, आणि सुटलेलं शिसं थेट ओढणाऱ्याकडे येतं. चुकीच्या फांदीवर पडलं तरी वजन बांधलेलं असताना मागे ओढू नका. ते फांदीला वेढा घालून बसतं. वजन जमिनीवर येऊ द्या, सोडून घ्या, मग मोकळं तंगूस ओढा.

पुढची दोरी जोडताना गाठीचा गोळा होतो आणि तो बेचक्यात अडकतो. दोन्ही टोकं दहा सेंटिमीटर एकमेकांवर ठेवून बांधा आणि वरून इन्सुलेशन टेप निमुळती गुंडाळा. एवढ्या एका गोष्टीने निम्मा वैताग वाचतो.

दोरी कुठली, यावर हात आखडू नये. निळी-पिवळी चकचकीत प्लास्टिकची दोरी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. एक-दोन उन्हाळ्यांत ती कडक होते, तिचे तंतू भुरभुरतात, आणि पावसात भार आला की तुटते. नायलॉन मजबूत, पण पाणी शोषून लांबतं. काथ्या सडतो. विणलेली काळी पॉलिएस्टर दोरी घ्या, चार ते पाच मिलिमीटर. भाराच्या मानाने तिची ताकद कितीतरी जास्त आहे; आपण पैसे मोजतो ते ऊन सोसण्यासाठी.

कप्पी आणि वजन

दोरी थेट बेचक्यावरून घेऊन खाली वजन बांधलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. हिशोब करून बघा. बेचक्यावर दोरी अर्धा वेढा घेते. सालीचं घर्षण ०.४ धरलं, तर दोन बाजूंच्या ताणात साडेतीन पटीचा फरक पडेपर्यंत दोरी सरकतच नाही. म्हणजे साडेतीन किलोचं वजन उचलायला तारेला बारा किलोने ओढावं लागतं. झाड उलट बाजूला डोललं तर ताण एक किलोपर्यंत उतरेस्तोवर वजन खाली येत नाही. वजन टांगलंय खरं, पण ते काम करत नाही. शिवाय जेव्हा केव्हा सरकतं तेव्हा करवतीसारखं साल कापतं, आणि साल त्याच वेळी दोरी कापते.

म्हणून दोरी दोन. पहिली, आधाराची दोरी, बेचक्यावरून जाते आणि तिच्या टोकाला कप्पी. कप्पी बेचक्याच्या हातभर खाली येईपर्यंत ओढायची आणि दुसरं टोक खोडाला बांधायचं. ही दोरी हलत नाही, म्हणून घासत नाही. तरी बेचक्यावर टेकणाऱ्या भागावर बागेच्या पाण्याच्या नळीचा अर्धा मीटर तुकडा ओवून घ्या. दोरी ओढताना तो नेमका बेचक्यावर येईल असं माप आधीच धरून दोन्ही बाजूंना गाठी मारायच्या. दुसरी दोरी कप्पीतून जाते. तिचं एक टोक तारेच्या इन्सुलेटरला, दुसरं वजनाला. दहा मीटर उंचीसाठी दोन्ही दोऱ्या पंचवीस-पंचवीस मीटर घ्या. उरलेली वेटोळी करून बांधून ठेवायची. अँटेना खाली घ्यायची वेळ येते तेव्हा तीच लागते. दोन दोऱ्यांचा आणखी एक फायदा: तार तुटली आणि तिचं टोक कप्पीला जाऊन अडकलं, तर आधाराची दोरी सैल सोडून अख्खी कप्पीच खाली घेता येते.

कप्पी स्टेनलेस स्टीलची, अंग सगळीकडून बंद, चाक दोरीपेक्षा दीडपट रुंद. कपडे वाळत घालायच्या दांडीला येते ती प्लास्टिक चाकाची कप्पी स्वस्त असते. पण तिची कडी लोखंडाची असते, आणि खाडीच्या वाऱ्यात ती एका पावसाळ्यात गंजून चाक जाम करते. चाक आणि अंग यांच्यात फट असेल तर बारीक दोरी चाकावरून उतरून त्या फटीत शिरते. तीही कप्पी मग दहा मीटरवर निरुपयोगी.

आता वजन किती. दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायरिंगची तार मीटरला सुमारे २० ग्रॅम भरते. वीस मीटरचे ४०० ग्रॅम. अशी मोकळी तार एक मीटर झोळ ठेवून टांगायला एक किलो ताण लागतो, अर्धा मीटर झोळाला दोन किलो, आणि साडेतीन किलोला झोळ तीस सेंटिमीटरच्या आत येतो. एंड-फेडला एवढंच पुरतं. सरळ डायपोलमध्ये मात्र मधोमध कोॲक्स लटकते. दहा मीटर आरजी-५८ या बारीक कोॲक्सचे ४०० ग्रॅम आणि चोकच्या (केबलच्या आवरणावरचा नको असलेला प्रवाह अडवणाऱ्या वेटोळ्याच्या) डब्याचे ३०० धरले, तर एक मीटर झोळासाठीच साडेचार किलो लागतात. जाड आरजी-२१३ कोॲक्स मीटरला दीडशे ग्रॅम. ती वापरली तर दहा किलो. आणि मऊ तांब्याची ही तार तुटायला तीस किलो लागत असले, तरी दहाच्या आसपास ती कायमची लांबायला लागते. दर वादळात थोडी लांबते, रेझोनन्स (तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) खाली सरकत जातो, आणि माणूस अँटेना ट्यूनरला दोष देत बसतो. इन्व्हर्टेड व्हीमध्ये कोॲक्सचं वजन थेट शेंड्याची दोरी घेते, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

साडेतीन किलोचं वजन असं बनवा: ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा ६० सेंटिमीटर तुकडा, खाली कॅप चिकटवलेली, आत कोरडी रेती, वर कॅप आणि तिच्यातून आरपार आय-बोल्ट. बोल्टला आतून मोठा वॉशर आणि दोन नट. पाण्याचा कॅन बांधला तर तो झाकण बंद ठेवूनच, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेचा माणूस नोटीस घेऊन येतो. वजन जमिनीपासून दीड मीटरवर ठेवायचं आणि खोडाला उभा बांधलेल्या ११० मिलिमीटरच्या पाइपात सोडायचं. पाइप दोन मीटर लांब. त्याने वजन हेलकावत नाही, आणि आवारातली पोरं त्याला लोंबकळत नाहीत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं.

वजन एकाच बाजूला. दुसरं टोक गच्चीला किंवा स्थिर खोडाला पक्कं. दोन्ही टोकं झाडांवर असतील, तर जे झाड जास्त डोलतं त्या बाजूला वजन.

येऊरच्या पायथ्याशी, वर्तकनगर-उपवनकडे जिथे माकडं येतात, तिथे पक्क्या टोकाला तारेच्या आधी तुटेल अशी अर्धा मीटर बारीक, कमजोर दोरी मध्ये घाला. माकड तारेवर बसलं, किंवा फांदी कोसळली, तर आधी ती तुटू दे. नवी बारीक दोरी बांधायला पाच मिनिटं लागतात. तार, कप्पी आणि बेचका पुन्हा जमवायला अख्खा रविवार.

तार आणि टोकं

९० मीटरचं वायरिंगचं बंडल आणलं की चार अँटेनांची तार झाली. बहुतंतू, दीड चौरस मिलिमीटर, हिरवी किंवा काळी. पीव्हीसीचं आवरण काढायचं नाही. खाऱ्या हवेत उघडं तांबं काळं-हिरवं पडून तंतू एकेक करत तुटतात. आवरणामुळे लागणारी लांबी दोन-तीन टक्क्यांनी कमी होते, एवढं लक्षात ठेवायचं.

टोकाला चिनी मातीचा एग इन्सुलेटर, किंवा किचनच्या पांढऱ्या चॉपिंग बोर्डचा दहा सेंटिमीटर तुकडा, दोन भोकं पाडून. तार भोकातून ओवून स्वतःवरच सहा-सात वेढे द्या. सोल्डर तिथे करू नका, सोल्डरच्या कडेला तार कडक होते आणि हलून हलून तिथेच मोडते. पहिलं पान आणि इन्सुलेटर यांच्यात दीड-दोन मीटर दोरी हवी. एंड-फेडच्या टोकाला इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) अडीच हजार ओहमच्या घरात असतो: १०० वॉटला जवळपास ५०० व्होल्ट, ५० वॉटलाही ३५०. ओल्या पानाला टेकलं की ते पान करपतं, एसडब्ल्यूआर नाचायला लागतो आणि संच शक्ती कमी करतो.

एंड-फेडचा ट्रान्सफॉर्मर एफटी२४०-४३ फेराइट रिंगवर: प्रायमरी दोन वेढे, सेकंडरी चौदा. गुणोत्तर सात, इम्पीडन्सचं ४९. प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरॅड, एक किलोव्होल्ट किंवा जास्तचा. त्याचा उपयोग वरच्या बँडवर. ग्राउंडच्या बोल्टला दोन मीटर काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठीची सुटी तार), आणि घरात शिरण्यापूर्वी कोॲक्सवर चोक. तशाच रिंगवर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे. चोक नसेल तर कोॲक्सचं बाहेरचं आवरणच अँटेना होतं आणि लिफ्टचा, इन्व्हर्टरचा, एलईडी दिव्यांचा सगळा खरखराट संचात आणून सोडतं. ऐरोली-कळव्याकडे उच्चदाब वाहिन्या जवळ असतील तिथे तार वाहिनीशी काटकोनात ताणून बघावी. थोडा तरी आवाज उतरतो.

ट्रान्सफॉर्मरच्या डब्याला खाली तीन मिलिमीटरचं भोक ठेवा. सगळीकडून एम-सील केलेल्या डब्यात दमट हवेचं पाणी साचतं आणि बाहेर पडत नाही. कोॲक्सच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नसतो. त्यावर आधी ताणून गुंडाळलेली स्वतःला चिकटणारी रबर टेप, मग पीव्हीसी टेप, दोन्ही खालून वर. कौलं जशी एकावर एक येतात तशी वरची कड खालच्या वेढ्यावर आली पाहिजे. घरात शिरण्याआधी कोॲक्सला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल आणि खिडकीतून आत येणार नाही.

लांबी जुळवणं

तार २०.६ मीटर कापा. जास्तीची लांबी टोकाला मागे दुमडून तारेलाच घट्ट गुंडाळा. कापायची घाई नको. पूर्ण उंचीवर चढवूनच नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावा. कंबरेएवढ्या उंचीवरचं माप दहा मीटरवर चालत नाही, जमीन जवळ असली की रेझोनन्स खाली सरकतो. समजा दरी, म्हणजे आलेखात एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असलेली जागा, ६.८० मेगाहर्ट्झवर दिसली. २०.६ गुणिले ६.८०, भागिले ७.१: उत्तर १९.७३. म्हणजे ८७ सेंटिमीटर दुमडायचे. डायपोल असेल तर हेच दोन पायांत निम्मं-निम्मं. शेवटच्या टप्प्यावर लक्षात ठेवायचा आकडा: एकूण वीस सेंटिमीटर म्हणजे सुमारे ७० किलोहर्ट्झ.

माप कोरड्या दिवशी घ्या आणि दरी ७.१ च्या किंचित वर, ७.१२ ला ठेवा. पावसात ओलं आवरण आणि ओली पानं ती काही दहा किलोहर्ट्झ खाली ओढतात. तेव्हा ती बँडच्या मध्यावर येते. भर पावसात जुळवलेली तार नोव्हेंबरमध्ये बँडच्या वरच्या काठाला जाऊन बसते.

वीज आणि देखभाल

वळवाच्या मे-जूनमध्ये आणि परतीच्या ऑक्टोबरमध्ये ढग गडगडतात. काम संपलं की कोॲक्स संचातून काढायची आणि तिचं टोक घराबाहेर ठेवायचं, टेबलावर नाही. खिडकीपाशी गॅस ट्यूबचा अरेस्टर, त्याची जाड तार जमिनीतल्या अर्थ रॉडला, आणि तो रॉड घराच्या अर्थिंगला जोडलेला. दोन अर्थ वेगळे ठेवले तर वीज जवळपास पडल्यावर त्यांच्यातला फरक संचातून वाट काढतो. हे सगळं करूनही थेट पडलेल्या विजेपुढे अरेस्टर टिकेल असं धरू नका. कोॲक्स काढणं हाच खरा उपाय.

जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात तारेवर मांजा अडकतो. नायलॉनचा असेल तर तो पॉलिएस्टर दोरीही कापतो, आणि पक्ष्यांचे पंखही. वजन सोडून तार खाली घ्या, मांजा कात्रीने तुकडे करून काढा, हाताने ओढू नका.

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, एकदा सगळं खाली उतरवा. कप्पीच्या चाकात सिलिकॉनचा एक फवारा. दोरी बोटांमधून पूर्ण सरकवत नेली की जिथे खरखरीत लागते तिथे ती ऊन खाऊन गेली आहे. तेवढा भाग कापून जोडू नका, पूर्ण बदला. नवी दोरी जुनीच्या टोकाला टेपने जोडून वर ओढायची, गलोल पुन्हा काढावी लागत नाही. खोडाभोवतीचा वेढा सोडून दोन बोटं सैल करून बांधा, कारण आंबा वर्षाला थोडा तरी जाड होतो आणि न सोडलेली दोरी सालीत रुतते. एकदा रुतली की ती उपटायची नाही. बाहेरचं टोक कापून सोडून द्यायचं आणि नवा वेढा वीतभर वर घ्यायचा.